मोट

सात पुरुष खोल विहीर.
आपल्याकडे हे नुसतं माप.
चाल्बीच्या वाळवंटाकाठी ती हजेरी असते:
सात कोनाडे, सातांत सात माणसं,
खालच्याने वर द्यायचं, वरच्याने झेलायचं
आणि रिकामं डबडं खाली, त्याच हातांनी.

यंदा गाब्रांकडे धडधाकट चारच उरले.
रेंदिलेंकडे तीन.
बाकीचे शहरात पहारेकरी झाले,
काही मागच्या भांडणात गेले.
त्या भांडणाचं नाव इथे कुणी काढत नाही.

मग एलेमा गेला वांबिलेच्या तळावर,
काठी दोन्ही हातांत आडवी धरून,
म्हणजे हात गुंतलेले आहेत हे लांबूनच दिसावं.

तीन दिवस बोलणी.
पाणी किती, किती दिवस, हे तासाभरात मिटलं.
अडलं ते एवढ्यावर, की
कुणाच्या पायाखाली कुणी उभं राहायचं.
वरच्याच्या टाचेखालून दगड सुटतो कधी कधी.
कधी कधी सुटत नाही, सोडला जातो.

शेवटी दरारे बोलली, शेळीचं दूध काढता काढता,
मान वर न करता:
एक आमचा, एक त्यांचा, एक आमचा.
ज्याच्या डोक्यावर वैरी, त्याच्या पायाखालीही वैरीच.
बघू, कोण आधी दगड सोडतो.

वांबिलेने बोटं मोजली.
तळाला गाब्रा. तोंडाशीही गाब्राच.
'चालेल,' तो म्हणाला, 'मग उंट आधी आमचे.'

मी तिथे पाण्याचा खारटपणा मोजायला गेलो होतो.
तो रोज वाढत होता. तेवढंच मला कळत होतं.

पहिल्या दिवशी ताल जमेना.
दोघांची गाणी वेगळी, दम टाकायची जागा वेगळी,
डबडं मधल्या मध्ये हिंदकळायचं
आणि सांडलेलं सगळं खालच्याच्या पाठीवर.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी वर बघून शिवी हासडली.
वरून उत्तर आलं, त्याच वजनाचं.
विहीर घुमली. मग सातही जण हसले,
आणि त्यानंतर गाणं कुणाचंच नव्हतं,
वरचा म्हणायचा 'हो', खालचा म्हणायचा 'हं'.

संध्याकाळी मी गल्गल्लोला सांगत बसलो,
आमच्या भाषेत याला मोट बांधणं म्हणतात,
बहुतेक वेळा कुचेष्टेने;
बांधली की दुसऱ्या दिवशी लोक विचारतात, फुटली का?
आणि युती म्हणतात, ती ग्रहांचीही असते:
दिसायला शेजारी शेजारी,
मध्ये कोट्यवधी मैल अंधार.

तो तळाच्या कोनाड्यातला माणूस,
पायांची बोटं पाण्याने पांढरी पडलेली.
म्हणाला, 'ते दोघे शेजारी दिसतात
तेवढ्या वेळात उंट कुठवर पोचतो, ते सांग.'

चौतिसाव्या दिवशी दक्षिणेला वीज हलली.
आवाज नाही. नुसती एक रेघ, फार लांब.
कुणीच पाहिली नाही,
म्हणजे सगळ्यांनी पाहिली.
'हो' आणि 'हं' यांच्यामध्ये
एक श्वासभर जागा पडली, ती पुन्हा भरली नाही.

त्या दिवशी उंट सगळे पाजले. दोन्हीकडचे.
मग एकेक जण वर चढला,
वरचा आधी, तळाचा शेवटी.
गल्गल्लोला वर घ्यायला वाकला तो रेंदिले.
हात ओला होता, दोनदा निसटला.
तिसऱ्यांदा त्याने मनगट धरलं.

निरोप असा कुणी घेतला नाही.
घंटांचे दोन आवाज दोन दिशांना गेले.

एलेमा जाता जाता थांबला एवढंच:
'वर्षभरात बंदुकी घेऊन समोर आलो,
तर मला त्याचं मनगट आठवेल.
आठवून काय होईल, ते आत्ता कसं सांगू?'

डबडं मात्र काठावर राहिलं.
पत्रा गाब्रांचा, कडीला गुंडाळलेलं कातडं
रेंदिलेंच्या मेलेल्या उंटाचं.
उचलायचं तर कुणी?
आत थोडं पाणी होतं. एक चंडोल येऊन बसला,
इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि प्यायला.